बंद लाईनीवरचे तीन ठोके

या सगळ्यात वैजनाथला मिळणार होती फक्त एक बदली. नरसी नामदेवजवळच्या उपकेंद्रावर, आजारी आईपासून हाकेच्या अंतरावर. एवढ्यासाठी माणूस किती घसरतो, ते तुम्हीच बघा.

भुताला रात्रच लागते असं समजणाऱ्यांनी खुशाल हसावं. हे घडलं ते भर दुपारी, मागच्या उन्हाळ्यात, वारंगा फाट्याजवळच्या वीज उपकेंद्रात.

तिथं भिंतीवर एक यंत्र होतं. जाड केबलच्या आवरणात आतल्या आत बारीक ठिणगी पडली, की ते टिक्‌ करायचं. आवरण कुजायला लागल्याची ती पहिली खूण.

पण शेजारी हळदीचा कारखाना. त्याची यंत्रं फिरली की लाईनीतली वीज गढूळ व्हायची आणि हा डबा उगाच बडबडायचा.

वैजनाथचा जोडीदार फारुक हसायचा. "वैजू, गढूळ पाण्यात मासा दिसत न्हाई. निवळू दे."

दुपारी कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली, की फारुक डब्यासमोर दहा मिनिटं गप बसून ऐकायचा. त्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

वैजनाथला एवढा धीर कुठला? साहेब म्हणाले होते, "महिनाभर एकही इशारा नको. मग बदली घे."

किती मोठ्या ठिणगीला टिक्‌ करायचं, ती डब्याची मर्यादा त्यानं गुपचूप वाढवून ठेवली. कारखान्याची बडबड थांबली.

खरी टिकटिकही थांबली.

फारुकला सांगितलं नाही.

विसाव्या दिवशी फारुकनं दहा मिनिटं ऐकलं. "आज लेकरागत झोपलाय," म्हणाला, आणि केबलच्या टोकाजवळचं कुंपण रंगवायला गेला.

टोक फुटलं...

फारुक जागीच गेला. तीन दिवस फाट्यावर अंधार. अहवालात आलं, 'यंत्र शांत होते, कर्मचारी निष्काळजी.' खाली वैजनाथची सही.

चाळीस दिवस झाल्यावर फारुकची बायको जाहेदा त्याचा जेवणाचा डबा न्यायला आली. सोबत सहा वर्षांची खुशनुमा. नवी केबल टाकायची म्हणून त्या दिवशी सगळी लाईन बंद होती. पंखासुद्धा थांबलेला.

टिक्‌... टिक्‌...

"हे काय वाजून राहिलंय?"

"कारखान्याचं असंल, भाभी."

"कारखाना तर बंद हाय. आत्ता तिकडूनच आले ना."

वैजनाथ खुर्चीतून उठला. यंत्र बॅटरीवर चालू होतं, ते ठीक. पण ज्या केबलीत वीजच नाही, तिच्यात ठिणगी कशाची?

टिक्‌, टिक्‌... थांबून... टिक्‌.

जाहेदाचा हात हवेतच राहिला. "असंच दार वाजवायचे. दोन, मग एक. मी आतून वरडायची, उघडंच हाय की, या!"

ती यंत्राजवळ गेली. ओठ हलले. "उघडंच हाय जी..."

आवाज थांबला.

वैजनाथनं यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. वाढवलेली मर्यादा पुन्हा जुन्या जागी आली होती. कोणी हात लावला नव्हता.

"वैजूभाऊ, ते म्हणायचे, डबा खोटं बोलत न्हाई. मग त्या दिवशी काहून गप होता?"

खुशनुमा त्याच्याकडे बघत होती. खरं सांगायची वेळ हीच होती, एकच वाक्य बोलायचं होतं.

"माहीत न्हाई, भाभी."

टिक्‌...

एकच. मग कधीच नाही.

ते काय होतं, आजवर कुणाला कळलं नाही. केबलीत वीज नव्हतीच, आणि यंत्रही तपासणीत निर्दोष निघालं.

बदली वैजनाथला मिळाली. आई सुधारली. तरी दुपारी शांतता पडली की तो घाईघाईनं रेडिओ लावतो. साहेबांना शाबासकी मिळाली. फारुकनं जीव गमावला, जाहेदानं संसार.

आणि शाळेत पोरं म्हणतात, "तुझ्या अब्बानंच अंधार केला व्हता," तेव्हा खुशनुमा भांडत नाही. मान खाली घालून म्हणते, "व्हय."