लिंबावरून सुटलेली गाडी

“उज्मा, त्या लाल गाडीसमोर कोणाले उभं राहू देऊ नको. धक्का देल्ला का चालू होते ते! म्या पाह्यलं!” योगेश कळवळून सांगत होता.

उज्मा खो खो हसली. “ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं चालू होते? येडा झाला का? गॅरेजवाल्याची पोरगी आहो मी. मले शिकवून राहिला!”

तिचा धाकटा भाऊ अरीबही हसला. योगेशनं झेंडूच्या हारांची टोपली उचलली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दिवाळीचा पाडवा. अकोल्याच्या जठारपेठेत, उज्माच्या अब्बांच्या गॅरेजसमोरच्या उतारावर ती गाडी सजून उभी होती. इंजिनिअरिंगला असलेल्या शुभमदादानं ती अब्बांच्या शेडमध्ये अमरावतीच्या शर्यतीसाठी तयार केली होती. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. योगेशचे वडील, फुलवाले मोतीरामकाका, यांनी पुढं नारळ फोडला.

“योगेश, तू हलका आहेस. बस आत, स्टिअरिंग धर. अन् तो खटका दाब, दिवे लागू दे!” शुभमदादा ओरडला.

योगेशनं एकदा उज्माकडं पाहिलं. काल ती कशी हसली होती! तो काही न बोलता आत बसला.

“लोटा रे!” शुभमदादानं मागच्या पोरांना सांगितलं.

फटाफट लिंबं फुटली. गाडी उताराला लागली. मोतीरामकाका पुढं वाकून खोबऱ्याचे तुकडे वेचत होते. गाडीनं एक हिसका दिला, डरकाळी फोडली आणि झेप घेतली! काकांचा पाय चाकाखाली गेला. गाडी विजेच्या खांबावर आदळून थांबली.

सगळ्यांत आधी शुभमदादाच ओरडला, “पोट्ट्यानं रेस दाबली!”

संध्याकाळपर्यंत सारी गल्ली तेच म्हणत होती. ‘पोरानं सख्ख्या बापाचा पाय मोडला!’ योगेशनं तोंड मिटलं ते मिटलंच.

रात्री गाडी पुन्हा अब्बांच्या शेडमध्ये ओढून आणली. “आपा, योगेशनं रेस कशी दाबली, मी बसून पाह्यतो,” अरीब म्हणाला. तो योगेशच्याच उंचीचा. सीट शुभमदादाच्या लांब तंगड्यांसाठी मागं सरकवलेली. अरीबचे पाय हवेत लोंबकळले. रेसच्या पेडलपर्यंत पोचलेच नाहीत!

उज्मा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. स्टार्टरच्या जागी नुसता पत्रा ठोकलेला. आणि गिअरबॉक्सच्या मागं एक नवाकोरा, चकचकीत पंप!

“अब्बा,” तिनं विचारलं, “ऑटोमॅटिकले धक्का काहून चालत नाही?”

“इंजिन बंद, तर आतला पंप बंद. तेलाले दाबच नाही, मग गिअर पकडीन कसा?”

“अन् चाकाबरोबर फिरणारा दुसरा पंप मागं लावला तर?”

अब्बांचा पाना हातातच राहिला. “मग दाब येईन. खटका दाबला का दिव्यासंगं इंजिनलेही करंट भेटते, तं गाडी धक्क्यानं चालू होईन, रेस न दाबताही. पण असं कोण करते?”

“ज्याले स्टार्टर काढून वजन कमी करायचं आहे, तो!”

सकाळी शुभमदादा गाडी न्यायला आला, तेव्हा ती पुन्हा उतारावर उभी होती. बरीच मंडळी जमली होती. उज्मानं त्याच्या हातात नारळ दिला.

“पूजा अर्धी राहिली, दादा. तुम्ही पुढं उभे राहा. आम्ही मागून लोटतो. दिवे लावले आहेत. आत कोणीच नाही!”

“अरे, कशाला उगाच...”

“घाबरता काहून? रेस दाबायले योगेश कुठं आहे आत?” अरीब म्हणाला. दोघांनी मागून हात लावले. “एक... दोन...”

शुभमदादानं नारळ टाकून बाजूला उडी मारली. “थांबा! चालू होईल ती!”

अरीबनं गाडीवरचे हात काढले.

“कशी चालू होईल, दादा?” उज्मानं विचारलं.

चाकांपुढं अरीबनं विटा लावून ठेवल्या होत्या. घाबरलेल्या शुभमदादाला त्या दिसल्याच नव्हत्या. त्यानं मान खाली घातली आणि पंपाचं सगळं कबूल केलं.

“शाब्बास! काय डोकं आहे पोरीचं!” काल योगेशला नावं ठेवणारेच आता टाळ्या वाजवत होते. अब्बांनी पाठ थोपटायला हात पुढं केला. उज्मा मागं सरकली.

“गाडी आपल्याच शेडमधी होती, अब्बा. तुमी एकदा तरी खाली वाकून काहून नाही पाह्यलं?”

अब्बा गुडघ्यावर बसले आणि गाडीखाली वाकले.

दवाखान्यात योगेश खाटेच्या पायथ्याशी बसला होता. काकांचा पाय आता पहिल्यासारखा होणार नव्हता.

“सगळ्यायले समजलं. तुझी चूक नव्हती,” उज्मा धापा टाकत म्हणाली.

“मले माहीत होतं.”

“मग बोलला काहून नाही?”

योगेशनं तिच्याकडं पाहिलं. “बोललो होतो ना. तुले.”

पोरांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणी एकदा काही सांगितलं, आणि सगळे हसले म्हणून ते गप्प झालं, असं झालंय का? मग पुस्तक मिटा. आधी त्याच्याकडं जाऊन या.