दुसरा ठिपका

ते साल एकोणीसशे बहात्तर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी एक उंच, किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “अठरा मिनिटांत संपेल असं काही आहे का?”

खिडकीमागे बसली होती ती घरातलं शेंडेफळ. घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. लोक जाडजूड पुस्तक मागत, हसवणारं मागत, रडवणारं मागत. मिनिटांवर मागणारा हा पहिलाच.

“पुस्तक विचारताय की गाडीची वेळ?” ती म्हणाली.

तो हसला नाही, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौकातल्या थिएटरात तो ऑपरेटर होता. वरच्या खोलीत दोन मशिनं; एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं. एक रीळ अठरा मिनिटांचं, आणि तेवढा वेळ त्याचा स्वतःचा. प्रकरण लांबलं की मात्र पंचाईत.

“पण रीळ संपत आलं हे कळतं कसं?”

त्याने आजूबाजूला पाहिलं, जणू घरातलं गुपित फोडतोय. “पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक छोटा ठिपका येतो. पहिला आला की तयार राहायचं. काही सेकंदांनी दुसरा येतो… तो दिसला की बदलायचं. मग विचार करत बसायचं नाही.” आणि जरा थांबून म्हणाला, “तुम्ही मात्र बघू नका हं. एकदा दिसला की मग जन्मभर दिसत राहतो.”

तिने त्याला एक कथासंग्रह दिला. मग तो दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागला, आणि प्रत्येक वेळी काही ना काही तक्रार घेऊन. एकदा म्हणे, गोष्ट एकवीस मिनिटांची निघाली; मी उठून मशिनाकडे गेलो आणि तुमची नायिका दारातच उभी राहिली.

“ताटकळली असेल बिचारी,” धाकटी म्हणाली.

“रागावली असेल का?”

“नाही… वाट बघण्याची सवय असते काहींना.”

असं बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. त्या दिवसापासून ती बाबांचं घड्याळ उशाशी ठेवून पुस्तकं वाचू लागली. त्याला देण्याआधी प्रत्येक प्रकरण मोजायची. एकाच कादंबरीचं पाचवं प्रकरण तेवढं मोजलं नाही. ते तिला इतकं आवडलं होतं की मोजायचं भानच राहिलं नाही, आणि पुस्तक तसंच त्याच्याकडे गेलं.

वर्षअखेरच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून एक पिक्चर बघायचा हा बाबांचा दंडक. दुपारी तीनचा खेळ, ओळीने पाच खुर्च्या : बाबा, दादा, वहिनी, धाकटी आणि कोपऱ्यात खारे दाणे सांभाळत आत्या. पिक्चर कौटुंबिक होता. भांडणारे मुलगे, सोसणाऱ्या सुना, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारे आजोबा. आजोबांनी प्राण सोडले तेव्हा सगळं थिएटर मुसमुसत होतं. धाकटी मान वळवून मागे बघत होती. भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून उजेडाचा पट्टा निघाला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. त्याच्या पलीकडे तो.

“पिक्चर पुढे आहे गं,” आत्या म्हणाली.

तिने पुढे पाहिलं, आणि नेमका तेव्हाच तो दिसला. उजव्या कोपऱ्यात, डोळ्याची पापणी लवावी तेवढाच. मग दुसरा. आणि मग काहीच नाही, पडदा पांढराफटक. शिट्ट्या सुरू झाल्या. घाईघाईने पुढचं चित्र आलं, तर नुकतेच गेलेले आजोबा टेबलाशी बसून आमटीत मीठ कमी आहे म्हणून सुनेला टोकत होते. धांदलीत मागचंच रीळ पुन्हा चढलं होतं.

“बरं झालं बाई, वाचले,” डोळे पुसत आत्या म्हणाली, आणि आख्खी रांग हसून लोटपोट झाली. फक्त धाकटी हसली नाही. तो कुठल्या पानावर होता, हे त्या थिएटरात तिला एकटीला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तो पुस्तक परत करायला आला. मालकाने काढून टाकलं नव्हतं, पण पाच तासांवरच्या गावी त्याचं दुसरं जुनाट थिएटर होतं, तिथे पाठवलं होतं.

“चूक माझी,” ती म्हणाली. “पाचवं प्रकरण मी मोजलंच नव्हतं.”

“मोजलं असतंत तरी मी थांबलो नसतो.” तो बराच वेळ पुस्तकावरून हात फिरवत राहिला. “पुढच्या वर्षाचं वाचन ठरवून द्याल? बारा महिने, बारा पुस्तकं.”

त्या गावात ग्रंथालयाची शाखा होती. दर महिन्याला इथून पुस्तकांची एक पेटी जायची, जुनी परत यायची.

“पेटी मीच भरते,” ती म्हणाली.

त्याला आणखी काही बोलायचं होतं… पण मागे रांग होती, आणि रांगेतले निवृत्त मास्तर घसा खाकरत होते. तो गेला.

डिसेंबरचे उरलेले दिवस धाकटीने यादी करण्यात घालवले. नावं लिहायची, खोडायची. वहिनीने खांद्यावरून डोकावून विचारलं, एकाच वाचकासाठी एवढी खाडाखोड? धाकटी म्हणाली, वाचक चिकित्सक आहे.

ग्रंथालयाच्या भिंतीवर ‘पुस्तकांत खुणा करू नयेत’ असा बोर्ड होता. सुबक अक्षरात तो तिनेच रंगवलेला. आणि तीच आता घड्याळ लावून वाचत होती, आणि दर अठरा मिनिटांच्या वाचनाला पानाच्या उजव्या कोपऱ्यात, वर, पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत होती.

पुस्तकं परत येत. ठिपके खोडलेले असत, अगदी हलक्या हाताने. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. ती पान तिरकं करून उजेडात धरायची आणि खोडल्याचा माग शोधायची. खोडलं कोणी? त्याने? की शाखेतल्या एखाद्या शिस्तीच्या कारकुनाने? तो वाचत तरी होता का? अकरा महिने तिने हाच एक प्रश्न उराशी धरला. स्वतः पत्र लिहायचा धीर झाला नाही.

बाराव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ठिपक्याची काही गरज नव्हती. तिथे सगळं संपतच होतं. तरी तिने दिला.

पुन्हा वर्षअखेरची सुट्टी आली. पिक्चरला निघण्याआधी ती ग्रंथालयात डोकावली. पेटी येऊन पडली होती. बाराव्या पुस्तकातले ठिपके कोणी खोडले नव्हते. शेवटच्या पानावर तिचा ठिपका तसाच होता. आणि त्याच्या शेजारी… दुसरा.

तीनचा खेळ. त्याच पाच खुर्च्या. पडद्यावर पहिला ठिपका आला, धाकटीने पदर सारखा केला. दुसरा आला.

“बाबा, मला शाखेत बदली मागायची आहे.”

“कुठल्या शाखेत?” बाबांची नजर पडद्यावरच होती.

“जिथे पेटी जाते तिथल्या.”

बाबांना काही उमगेना. आत्याने शांतपणे दाणे तोंडात टाकले. “मी मागच्या वर्षीच ओळखलं होतं,” ती म्हणाली. “हिचा पिक्चर मागेच आहे.”

बाबा स्वतः तिला पोहोचवायला गेले, आणि ऑपरेटरच्या खोलीत स्टुलावर बसून आख्खा सिनेमा झरोक्यातून बघून आले. मुलगा बरा आहे, एवढंच घरी बोलले. आत्या एक्क्याण्णव वर्षं जगली आणि मेलेल्या आजोबांची गोष्ट शेवटपर्यंत सांगत राहिली. वहिनीला वाचनाचं वेड लागलं ते त्या खाडाखोडीच्या यादीपासून. दोन्ही थिएटरं गेली. एकात आता फर्निचरचं दुकान आहे. ठिपके का खोडलेत, असं धाकटीने लग्नानंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, “बोर्डावर तुम्हीच लिहिलं होतंत ना?”

दर डिसेंबरात दोघं पुढच्या वर्षाची बारा पुस्तकं ठरवत, सहा त्याची, सहा तिची. अशा सत्तेचाळीस याद्या झाल्या. शेवटच्या वर्षी आठवं पुस्तक अर्धं झालेलं असताना तो गेला.

ते पुस्तक तिच्या उशाशी आहे. एकशे बाराव्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, वर, त्याच्या पेन्सिलीचा ठिपका आहे. एकच. ती तिथपर्यंत वाचते आणि थांबते. पहिला ठिपका म्हणजे नुसतं तयार राहायचं.