ईडिथ आत्याचं पुसलेलं पुस्तक

"पुसलंय. सगळं पुसलंय!" ईडिथ आत्या म्हणाली आणि पुस्तकाची पानं भराभरा उलटत सुटली.

बारा वर्षांची हेस्टर धावत विंगेत आली. तिच्या मागोमाग धाकटा भाऊ क्लेमंट आणि शेजारची विनी. ईस्टरची सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम या हॉलमध्येच होता.

पुस्तक थॉर्नली हौशी संगीत नाट्यमंडळींच्या नव्या नाटकाचं होतं. दिवे कधी मंद करायचे, घंटा कधी वाजवायची, कोण कुठल्या बाजूनं येणार, पडदा कुठल्या शब्दावर पाडायचा, हे सगळं आत्यानं नऊ आठवडे त्याच्या समासात पेन्सिलीनं टिपलं होतं. आता समास कोरे होते. सकाळचे दहा वाजले होते आणि अडीचला पहिला प्रयोग.

चौदा वर्षं आत्या इथे नुसती प्रॉम्प्टिंग करत होती. अख्ख्या प्रयोगाची सूत्रं यंदा पहिल्यांदाच तिच्या हाती आली होती, तीही कमिटीत एका मताच्या फरकानं.

तेवढ्यात अर्ध्याच चेहऱ्याला रंग लावलेले मिस्टर व्हिटेकर आले. ते मंडळींचे अध्यक्ष, आणि नाटकातले सरदारही तेच.

"मिस ऑर्मरॉड, पुस्तक तुमच्या ताब्यात होतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "बाईमाणसाला हे झेपायचं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. बारापर्यंत पुस्तक होतं तसं झालं नाही, तर प्रयोग कमिटीतले मिस्टर हॉईल सांभाळतील. तुम्ही प्रेक्षकांत बसा."

आत्या मान खाली घालून पुन्हा कोरी पानं चाळू लागली. एरवी ती पोस्टमनलासुद्धा सुनावल्याशिवाय सोडत नसे. तिचं हे ऐकून घेणंच हेस्टरला जास्त लागलं.

"आत्या, काल रिहर्सलनंतर पुस्तक कुठे होतं?"

"इथेच, या फळीवर. आणि सकाळी सापडलं चहाच्या खोलीत, नटांच्या पुस्तकांच्या ढिगात."

तिघं थेट चहाच्या खोलीत गेले. टेबलाखाली बारीक करडे गोळे पडले होते.

"खोडरबराचा चुरा," विनी म्हणाली.

क्लेमंटनं एक गोळा उचलून हुंगला. "रबर नाही, पाव आहे."

"तुला सगळीकडे पावच दिसतो!"

"मग टेबलावरचा तो सँडविचचा पाव बघ. नुसती साल उरलीय. आतला गर गेला कुठे?"

हेस्टर चपापली. पावाच्या गरानं पेन्सिल पुसणारा थॉर्नलीत एकच माणूस होता. क्रॅबट्री आजोबा! ते मंडळींचे ग्रंथपाल. पुस्तकं भाड्यानं यायची आणि परत करताना त्यांत एकही खूण राहून चालायचं नाही. म्हणून दर नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला, की सगळे मिळून पुसायला बसायचे.

आजोबा दाराशी तिकिटं लावत होते.

"हो तर, मीच पुसली," ते ऐटीत म्हणाले. "तेहेतीस पुस्तकं! गाणी सगळ्यांना पाठ झालीत आणि सोमवारी मी चाललो मुलीकडे. म्हटलं, आधीच उरकून टाकावं."

"आणि आत्याचं?"

"तिचं कशाला पुसेन? मी फक्त ढिगातली..." आजोबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा. एकात खुणा फारच होत्या. मला वाटलं, कुणीतरी फार अभ्यासू दिसतंय."

मग ते ढिगात टाकलं कुणी? परत येताना हेस्टरला मिस्टर व्हिटेकर दिसले. दुसऱ्या अंकातल्या एंट्रीची ते तालीम करत होते. नऊ आठवडे न चुकता चुकीच्या बाजूनं येणारा माणूस आज आपणहून बरोबर बाजूला उभा होता.

"मिस्टर व्हिटेकर, इथे तुम्ही उजवीकडून येता ना?" तिनं भाबडेपणानं विचारलं.

"डावीकडून. घंटेनंतर, दोन पावलं थांबून."

"नक्की ना? आता पुस्तकात बघायचीही सोय नाही."

"नक्की म्हणजे काय? काल मी स्वतः तिच्या पुस्तकात बघून..."

ते तिथेच थांबले. आजूबाजूच्या नटनट्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"आणि बघून झाल्यावर कुठे ठेवलंत?" क्लेमंटनं अगदी अदबीनं विचारलं.

"चहाच्या खोलीत," ते पुटपुटले. "टेबलावर."

मोठी माणसं चुकतात, हे हेस्टरला ठाऊक होतं. पण स्वतः चुकून वर दुसऱ्यालाच दटावतात, हे पाहून ती हादरलीच. आणि एवढं करूनही पानं कोरीच होती. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

पुस्तक घेऊन विनी खिडकीशी उभी होती. तिनं ते उजेडात तिरकं धरलं आणि डोळे बारीक केले.

"मिस ऑर्मरॉड, तुम्ही पेन्सिल किती दाबून लिहिता हो!"

पावानं शिसं उचललं होतं, पण कागदावरचे वळ तसेच होते. तिघं आळीपाळीनं वाचू लागले आणि आत्या भरभर गिरवू लागली. क्रॅबट्री आजोबा पेन्सिलींना टोक काढून देत होते. बाराला पाच कमी असताना शेवटच्या पानावरची पडद्याची खूण सापडली. आत्यानं पुस्तक मिस्टर व्हिटेकरांच्या नाकासमोर धरलं. ते निमूटपणे उरलेल्या गालाला रंग लावायला गेले.

प्रयोगात एक घंटा चुकली नाही की एक दिवा. टाळ्या थांबल्यावर मिस्टर व्हिटेकर पुढे आले.

"आजचा प्रयोग तीन मुलांनी वाचवला. त्यांची नजर आमच्या अख्ख्या कमिटीपेक्षा तीक्ष्ण आहे," ते म्हणाले. "चूक माझी होती, आणि खापर मी मिस ऑर्मरॉड यांच्या डोक्यावर फोडलं. त्यांनी कृपया रंगमंचावर यावं."

हॉल थक्क झाला. अध्यक्षांनी चूक कबूल केल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं.

आत्या मात्र जागची हलली नाही. "मी गेले तर पडदा कोण पाडणार? पोरांनो, तुम्ही जा." तिनं तिघांना पुढे ढकललं. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, तशी क्लेमंटची मान लाजेनं खाली गेली.

पडदा पडला. मिस्टर व्हिटेकर टोपी हातात घेऊन विंगेत आले. "मिस ऑर्मरॉड, आठवडाभराचे सगळे प्रयोग आता तुमच्याच हाती."

"ते होतेच," आत्या म्हणाली.

ते गेल्यावर तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसकण मारली.

"आता मला जरा रडू द्या रे," ती म्हणाली. "सकाळपासून वेळच मिळाला नाही."