चढ, कंट्रोलर आणि माझे गुडघे

आमच्या शिवणकारखान्याकडे जाणाऱ्या चढावर लेकीची विजेची स्कूटर अर्ध्यातच धापा टाकत थांबली, तिथे तो भेटला. हातात टायर, गालाला ग्रीस.

"काकू, तुमचं वजन किती?"

चाळीस बाया माझ्या हाताखाली शिवतात, एकीची हे विचारायची छाती नाही! "तुझ्या अकलेपेक्षा जास्तच," मी म्हटलं. लेक खुदकन हसली. तो तिच्याकडे बघतच राहिला... आणि हातातला टायर सुटून उताराला लागला.

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्याचं गॅरेज चढाच्या पायथ्याशी. त्याने सीटखालचा कंट्रोलर उघडला. "मोटारला किती वीज सोडायची, ते हा ठरवतो. या जाड तारेवरून मोजतो. तारेवर थोडं कथील चढवलं की याचं मोजमाप चुकतं, आणि हा हात सैल सोडतो."

"म्हणजे बिचाऱ्याला फसवायचं?" लेक म्हणाली.

"थोडंसंच. जास्त फसवलं तर जळतो."

"थोडं म्हणजे किती, ते कसं कळतं?"

"हळूहळू... अंदाज घ्यायचा."

कथलाचा धूर नाकात जात होता आणि ही दोघं एकमेकांचा अंदाज घेत होती. मी खोकले. कुणाला ऐकू येतंय!

दुसऱ्या दिवशी स्कूटर पुन्हा चढावर बसली. मी उतरून पायी वर, लेक खाली गॅरेजात. तिसऱ्या दिवशी तेच. चांगले पंधरा दिवस! गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. "कथील कमी पडलं वाटतं," लेक म्हणायची.

मग एका सकाळी, भुरभुर पावसात, मी तिच्या खांद्यावरून डोकावले. चढ लागला आणि लेकीच्या अंगठ्याने गुपचूप एक बटण दाबलं. समोर तीनचा आकडा होता, त्याचा एक झाला. शाळेत मी दोनच वर्षं गेले, पण एक आणि तीन मला चांगले कळतात. गाडीचा जोर हीच कमी करत होती!

"वळव," मी म्हटलं.

गॅरेजात तो खोक्यात हत्यारं भरत होता. "सोमवारपासून बॅटरीच्या कंपनीत लागतोय. दुसऱ्या गावी," तो जमिनीलाच सांगत होता. "गाडीचं काही असेल तर... आजच."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. "काही नाही. चालते आता."

चालते! माझं डोकंच फिरलं. "बटण दाबून मला पंधरा दिवस चढ चढवलास, आणि आता तोंडाला कुलूप? आणि तू रे मेकॅनिक! तुला एवढं दिसलं नाही?"

"दुसऱ्याच दिवशी दिसलं, काकू."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर... या परत आल्या नसत्या."

लेकीने वर पाहिलं. "मग रोज कंट्रोलर उघडून काय करत होतात?"

"पुन्हा बंद करत होतो."

ती हसली, डोळे मात्र डबडबलेले. "गाडी अगदी चांगली आहे," ती म्हणाली. "तरी रोज आले तर...?"

"मग मी जात नाही."

"नकोच जाऊस."

वर चाळीस बाया खोळंबलेल्या, आणि हा खोक्यातून एकेक पाना काढून तिच्या हातात देत होता. ती तो भिंतीवर हमखास भलत्याच खिळ्याला अडकवत होती. आणि तो शहाणा... एका अक्षराने चूक काढत नव्हता.