दोन ठोके

पटलं तर घ्या, नाही तर सोडा. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. लिलाधरने सांगितलं, तसंच सांगतोय.

मोहाडीकडच्या एका वनउद्यानात जुना दगडी पूल आहे. रहदारी कधीचीच बंद. गेल्या मे महिन्यात, मंगळवारी संध्याकाळी, लिलाधर आपल्या वहिनीला, शकुनला, तिथे घेऊन गेला.

पौषात त्याचा मोठा भाऊ इतवारी याच पुलाखाली बुडाला होता.

डोंगा, म्हणजे त्याची लहान लाकडी होडी, सापडला. इतवारी नाही. म्हणून शकुनने बांगड्या उतरवल्या नव्हत्या.

यांच्या घरची मासेमारीची रीत साधी. धुक्यात काठ दिसत नाही. जाळं टाकून झालं की पाण्यातला माणूस डोंग्यावर तीन ठोके देतो. काठावरचा दगडावर दोन ठोके देतो. म्हणजे, मी इथं आहे, ये.

त्या सकाळी काठावर लिलाधर होता. मोबाइल बघत. तीन ठोके त्याने ऐकले... देऊ थोड्या वेळाने, म्हणून बसून राहिला.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता पुलाखाली पाण्याचा थेंब नव्हता. नुसती भेगाळलेली माती. इथे आल्यावर तरी रडू येईल, असं त्याला वाटलं होतं. काहीच आलं नाही.

"भाऊजी, त्या दिवशी ठोके आयकू आले होते का तुमाले?"

"नाई, वयनी."

आणि तेवढ्यात...

ठक. ठक. ठक.

लाकडावर. पुलाखालून.

शकुनने त्याच्याकडे पाहिलं.

"आता तं आयकू आले ना?"

तिने दगड उचलला, कठड्यावर दोनदा आपटला.

खाली... वल्ह्याचा आवाज. पाणी कापत काठाकडे येणारा. काठाला लागला. थांबला.

घरी येऊन शकुनने स्वतःच्या हाताने बांगड्या उतरवल्या. "आले ते," एवढंच म्हणाली. त्या रात्री ती पाच महिन्यांनी गाढ झोपली.

लिलाधरचं दार मात्र तेव्हापासून रोज दिवेलागणीला वाजतं. बाहेर कुणी नसतं.

"तीन ठोके?" मी विचारलं.

"नाई. दोनच."

"मंग तू काय करतं?"

"बसून रायतो. आता भेव बी नाई वाटत."

काल मी त्याच्याकडेच होतो. मीही मोजले. दोनच.

दोन ठोके काठावरचा माणूस देतो. मग पाण्यात कोण आहे, हे मी त्याला विचारलं नाही.