सहा फुटांवरची खुर्ची

काम तसं नेहमीचंच होतं. दुरुस्त केलेली एक जुनी लेन्स तितक्याच जुन्या कॅमेऱ्यावर चढवायची, समोर खुर्चीत कुणाला तरी बसवायचं, आठ फोटो काढायचे आणि काच ठीक बसली की नाही ते बघायचं. भाऊ वीस वर्षं हेच करत आला होता. खुर्चीत एरवी त्याची मोठी बहीण, म्हणजे घरातली आत्या, बसायची, कारण तिच्याइतकं निश्चल फक्त कपाटच बसू शकतं, असं भावाचं मत होतं.

"कपाटाला स्वयंपाक येत नाही, म्हणून मला ठेवलंयस," आत्या म्हणायची.

त्या दुपारी मात्र टिटवीनं हट्ट धरला. टिटवी ही भावाची मुलगी, नऊ वर्षांची. आई ती रांगत असतानाच गेली, तेव्हापासून ती आत्याच्याच कुशीत वाढलेली. दिवसभर कलकल करायची म्हणून हे नाव. पण मधले दीड महिने ती तापानं नुसती पडून होती आणि घर इतकं गप्प झालं होतं, की आत्यानं त्या कलकलाटासाठी देवापुढे पदर पसरला आणि एकवेळ जेवायचा नेम धरला. ताप उतरून आता बारा दिवस झाले होते. डॉक्टर जाताना दारात थांबून म्हणाले होते, "पुन्हा चढू देऊ नका. तिच्या अंगात आता झुंजायला काही उरलेलं नाही." तेव्हापासून आत्याचा हात तासातासाला पोरीच्या कपाळावर जायचा.

"मीच बसते," टिटवी म्हणाली. "माझ्यात हलायचंसुद्धा त्राण नाही. म्हणजे मी आत्यापेक्षा भारी कपाट!"

किती दिवसांनी पोर हसली होती. आत्यानं शाल आणून तिच्या गुडघ्यांवर टाकली.

लेन्स एका म्हातारीची होती. तिच्या नवऱ्यानं जन्मभर त्याच लेन्सनं माणसांचे चेहरे टिपले होते. लेन्सवरची घट्ट झालेली फिरवायची कडी सैल करून हवी, एवढंच तिचं मागणं होतं. आत दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये पांढुरकं धुकं साचलं होतं. "ते तेवढं राहू द्या," ती पुन्हापुन्हा बजावून गेली होती. "हे कुणाला साफ करू देत नसत." पण धुकट काच दिसली की भावाचे हात शिवशिवत. त्यानं ती मंद आचेवर ऊब देऊन सोडवली, पुसली आणि नव्यानं चिकटवली.

"अरे, ती नको म्हणाली होती ना?"

"ताई, लोकांचा जीव धुळीवरसुद्धा असतो. बघितल्यावर खूश होईल."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. खोलीत स्पिरिटचा आणि चिकटवायच्या द्रवाचा उग्र वास कोंडला होता. भावानं मोजायची टेप लावली. कॅमेऱ्यापासून टिटवीच्या डोळ्यापर्यंत नेमके सहा फूट. टेपचं एक टोक कॅमेऱ्यापाशी आत्यानं धरलं होतं. पहिला फोटो निघाला. खट्.

"आत्या, केसांना हात नको ना लावू," टिटवी ओठ न हलवता पुटपुटली. "मी हलेन."

आत्या सहा फूट लांब उभी होती. हातात अजून टेपचं टोक होतं.

"वारा असेल गं," ती म्हणाली. खिडकी बंद होती.

न्हाणीघर हीच भावाची फोटो धुवायची जागा. संध्याकाळी तिथं तांबडा दिवा लागला. आंबूस वासाच्या त्या पाण्यात कोरा कागद बुडाला आणि त्यावर हळूहळू टिटवीचा चेहरा वर आला. पापणी न् पापणी मोजून घ्यावी असा स्वच्छ. भाऊ सुखावला. मग तो वाकला. वाकलेलाच राहिला.

टिटवीच्या कानाजवळ, केसांत, चार बोटं होती.

"मागं कुणी…?" आत्या पुढे वाकली.

"मागं नाही, ताई." त्याचा आवाज एकदम उतरला होता. "लेन्स पूर्ण उघडी होती. अशा वेळी फक्त एकाच अंतरावरचं स्पष्ट येतं, पुढचं-मागचं सगळं विरघळतं. ही भिंत बघ, नुसता धूर झालाय. ही बोटं स्पष्ट आहेत. म्हणजे ती… तिच्या अगदी शेजारी होती. सहा फुटांवर."

नळ ठिबकत होता. आत्याच्या मनात एक वेडी आशा उगवली. "तिची आई तर नसेल? लेकराला बघायला आली असेल…"

"तिचे हात मी ओळखतो." भावानं कागद पालथा घातला. "ही बोटं फार लांब आहेत."

एवढ्यावर थांबावं की नाही? पण त्याला ते पटेना. फिल्म जुनी असेल, एकावर एक फोटो पडले असतील, असं तो रात्रभर स्वतःला समजावत राहिला. दुसऱ्या दिवशी आत्या औषध आणायला बाहेर पडली, तेवढ्यात त्यानं नवा रोल घालून टिटवीला पुन्हा खुर्चीत बसवलं. आत्या परतली तेव्हा तो न्हाणीघरात जमिनीवर बसला होता. त्याच्या हातात ओला फोटो होता.

माप तेच, खुर्ची तीच. पण या वेळी टिटवीचा चेहरा पुसट होता, ओल्या बोटानं फासल्यासारखा. आणि तिच्या अंगावर वाकलेलं ते दुसरं मात्र काठोकाठ स्पष्ट होतं. लांब मान, कानाची पाळी, गालाची कड. तोंड तिच्याकडे वळलेलं होतं, म्हणून तेवढं दिसत नव्हतं.

दिवेलागणीला टिटवीचं अंग तापलं. थर्मामीटर बघून आत्यानं तो झटकून पुन्हा लावला. पोर डोळे मिटून पडली होती. दोनदा हाक मारल्यावर तिनं एकदा "अं" केलं. डॉक्टरांना निरोप गेला. ते गावाबाहेर होते, सकाळी येणार होते.

आत्यानं देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि तशीच उठून भावाच्या कामाच्या खोलीत आली. खुर्चीवरची शाल उचलून तिनं घडी करून बाजूला ठेवली.

"मला बसव."

"ताई, नको… वेड लागलंय का?"

"लागू दे. मोठा दिवा लाव आणि माप नीट घे. तिच्या डोळ्यांच्या अंतरावर माझे डोळे आले पाहिजेत. आयुष्यात एकदा तरी मोठ्या बहिणीचं ऐक."

त्यानं टेप लावली. सहा फुटांची खूण त्यानं दोनदा तपासली. आत्यानं पाठ ताठ केली. आधी काहीच झालं नाही. मग उजव्या बाजूची हवा गार झाली, बंद ट्रंक उघडल्यावर येते तशी. कानाजवळचे केस कुणीतरी हळूच मागे सारले. किती हळुवारपणे.

"ती लहान आहे," आत्या समोर बघत पुटपुटली. "तिच्यात काही नाही रे… मी पुरेन तुला. तिला सोड."

खट्.

आणि त्याच क्षणी आतून आवाज आला, "आत्याऽ, पाणी दे ना! केव्हाची मागतेय!"

दोघं धावले. टिटवी उठून बसली होती. झगा घामानं चिंब आणि कपाळ गार. त्या रात्री ती दोन पोळ्या खाऊन, तिसरीसाठी भांडून झोपली. भावानं रोल न धुताच उजेडात ओढून जाळला. सकाळी म्हातारी आली, तेव्हा त्यानं लेन्स तिला परत केली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली, आणि एकदम खाली ठेवली.

"पुसलंत?" ती म्हणाली. मग तिची नजर आत्याकडे वळली, पण आत्याच्या चेहऱ्यावर टेकली नाही. हातभर उजवीकडे थांबली. म्हातारीनं पदर तोंडावर घेतला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. टिटवीला तपासून म्हणाले, "नवल आहे. पोर ठणठणीत आहे." आत्यानं सुटकेनं डोळे पुसले. ते तिलाच पथ्यपाणी समजावत होते, सगळं तिलाच सांगत होते. पण बघत होते तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे. मान हलवत, हसत.

"मी इकडे आहे," आत्या शेवटी म्हणाली.

"हो, हो," डॉक्टर त्या जागेला म्हणाले.

ते गेले. टिटवीनं पांघरूण भिरकावलं आणि दोन्ही हात पसरून ती पळत आली. "आत्या, मी बरी झाले! उचल ना!"

आत्या खाली वाकली. पोर तिच्या अंगाला घासून पुढे गेली, आणि हातभर पलीकडे कुणाच्या तरी कमरेला घट्ट बिलगली.