मागची चाकं

सरकारी जंगलात हिंडायला येणारे पाहुणे कुठून शिरतात, कुठं रेंगाळतात, कधी बाहेर पडतात, हे वरच्या साहेबांना जाणून घ्यायचं होतं. स्वतः येऊन बघायचा कंटाळा, म्हणून रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या टाकल्या. गाडीची पुढची चाकं गेली की नळी एकदा थप वाजते, मागची गेली की दुसऱ्यांदा. कडेच्या डब्यात नोंद होते. झाली मोजणी. नळ्यांची देखभाल करणाऱ्याला सगळे नळीवालाच म्हणत. स्वभावही तसाच, कुणीही वरून जावं, याचं हूं नाही की चूं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा थोरला भाऊ गाडी घेऊन याच जंगलात शिरला, तो बाहेर आलाच नाही. लोक शोधून शोधून थकले. ना गाडी, ना माणूस. नळीवाला रडलासुद्धा नाही. रोज बाहेर पडायच्या फाटकाशी बसायचा आणि घरी गेल्यावर वहिनीला सांगायचा, "आज नाही."

आता मोजणी संपली. भर दुपारी तो फाटकाजवळची नळी गुंडाळायला आला. जंगल बंद, रस्ता रिकामा. ही नळी निघाली की दादाची वाट बघायलाही काही उरणार नव्हतं. तो रस्त्यातच फतकल मारून बसला आणि नळीवर हात ठेवला.

थप.

समोर काहीच नव्हतं. तो दुसऱ्या थपेची वाट बघत राहिला. ती आली नाही. तोंडावर इंजिनाची ऊब मात्र आली, मग ओल्या कुत्र्याचा वास. दादाच्या गाडीचाच तो. वहिनी नवी नवरी असताना याच गाडीतून नाक दाबून घरी आली होती.

"दादा..." तो हळूच म्हणाला. "जा की पुढं. थांबलास कशाला..."

खिशात फोन वाजला. वहिनी.

"भावजी, गुंडाळलीत का नळी?"

"नाही अजून."

"का हो?"

"दादा निघालाय, वहिनी. पण... मागची चाकं यायचीत."

पलीकडं भांडी घासल्याचा आवाज चालूच होता.

"मग तुम्ही वाटेतून उठा ना," ती म्हणाली. "तुमच्यामुळंच थांबलेत ते."

आपण वाटेत बसलोय, हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

तो उठायला गेला. हात निघेना. त्यानं खाली बघितलं. नळी चपटी झाली होती, आणि तिच्यावरचा हातही. डांबराला कागदासारखा चिकटलेला.

दुखत मात्र काहीच नव्हतं.